ड्रॅगन आणि च-ची भाषा

भाषा शिकायची ती पोटासाठी, नाहीतर परमार्थासाठी, अशी आमच्या पिढीची सरळ समजूत. इंग्रजी आली की कचेरीत चिकटता येई. संस्कृत आले की चारचौघांत मान मिळे. या दोहोंपैकी काहीच जिच्यातून पदरात पडणार नाही, अशा भाषेचे शब्द घोकणारा माणूस आम्ही बिनदिक्कत रिकामटेकड्यांत जमा केला असता. पण हल्ली माझ्या ओळखीत असा एक विद्यार्थी आहे. वय वर्षे पंधरा. नाते म्हणाल तर माझ्या थोरल्या बहिणीचा नातू. इतिहासातल्या सनावळ्या त्याच्या डोक्यात ठरत नाहीत, मराठी व्याकरणाशी तर त्याचे हाडवैर आहे. परंतु जिचा बोलणारा या पृथ्वीच्या पाठीवर आजवर जन्मालाच आला नाही, अशा एका भाषेचे शंभर-दीडशे शब्द त्याला अर्थासकट तोंडपाठ आहेत. ती भाषा ड्रॅगनची!

ही भाषा ज्या खेळात बोलली जाते त्याचे नाव 'स्कायरिम'. बेथेस्डा नावाच्या अमेरिकन कंपनीने हा व्हिडिओ गेम 11 नोव्हेंबर 2011 रोजी बाजारात आणला. बर्फाने झाकलेल्या डोंगरांचा एक काल्पनिक मुलूख. तिथे मेलेले ड्रॅगन पुन्हा उठू लागतात आणि खेळणाऱ्याला त्यांच्याशी झुंजावे लागते. आता झुंजायचे म्हटल्यावर ढाल-तलवार आलीच. पण खरे शस्त्र आहे ते शब्दांचे. 'फुस रो दा' - म्हणजे बळ, तोल, ढकल - एवढे तीन शब्द खच्चून ओरडले की समोरचा शत्रू पाचोळ्यासारखा उडून पडतो. मला यात फारसे नवल वाटले नाही. साताऱ्याला शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात आमचे आजोबा, तात्या, नुसते "काय चाललंय?" एवढे दोनच शब्द बोलत, आणि माजघरातली सहा पोरे सहा दिशांना उडत.

हे शब्द त्या मुलखातल्या पडक्या देवळांत, दगडी भिंतींवर कोरलेले सापडतात. अॅडम अॅडमोविच या चित्रकाराने त्यांच्यासाठी 34 अक्षरांची लिपी तयार केली. ती अशी की, पाहताच नखांचे ओरखडे वाटावेत. खरेच आहे! ड्रॅगनच्या हाती बोरू कोण देणार? एमिल पॅग्लियारुलो या दुसऱ्या गृहस्थांनी शब्दांची भर घातली. खेळाचे मुख्य गीतही याच भाषेत असून तीसहून अधिक गायकांनी ते समूहाने गायले आहे. भाषेची ठेवणही मोठी विचारपूर्वक केलेली. क्रियापदांना भूत-भविष्याचे भेद जवळजवळ नाहीतच; कारण ज्याला मरण नाही त्याने काल आणि उद्या वेगळे कशासाठी ठेवायचे? आणि ड्रॅगनच्या लेखी वाद घालणे आणि लढाई करणे या दोन निराळ्या गोष्टी नाहीत. आपण ज्याला आग ओकणे म्हणतो, ते त्या बिचाऱ्याचे नुसते बोलणे असते! अशी माणसेही आपल्या पाहण्यात असतात. पण तो विषय दिवाळीत नको.

हे सारे ऐकून माझ्या मनात आले, आपल्याकडे हा प्राणी का बरे नाही? ड्रॅगन नसेल, पण नाग आहे. सांगली जिल्ह्यातले बत्तीस शिराळा तर नागपंचमीपायी देशभर ठाऊक झालेले गाव. पण आपल्या नागाची मौज अशी की, तो बोलू लागला की शुद्ध मराठी बोलतो! नागपंचमीच्या कहाणीतला शेष सासुरवाशिणीचा मामा होऊन येतो, तिला माहेरी नेतो, आणि सगळे कसे घरच्या भाषेत. नागाशी बोलायला निराळी भाषा शिकावी लागेल, ही कल्पना कहाणी सांगणाऱ्या आजीच्या स्वप्नातही आली नसेल. नाग मराठी बोलतो, म्हणून तो सोयरा होऊ शकतो. ड्रॅगन परकी भाषा बोलतो, म्हणूनच कदाचित त्याचे इतके भय.

आपल्याकडे निराळ्या भाषा केल्या त्या माणसांनी, आणि त्याही माणसांपासून काहीतरी लपवण्यासाठी. आटपाडी तालुक्यात खरसुंडीला खिलार जनावरांचा बाजार भरतो. अशा बैलबाजारांतला जुना रिवाज पाहण्यासारखा असे. घेणाऱ्याचा आणि दलालाचा हात उपरण्याखाली एकमेकांना भेटत. बोटे दाबून भाव सांगितला जाई, बोटे दाबूनच तो नाकारला जाई. आणि वर, उघड्यावर, दोघांची तोंडे पाऊसपाण्याच्या गप्पा मारीत असत. दलालांची तोंडी आकडेमोडही वेगळी होती. केवली म्हणजे एक, अवारू म्हणजे दोन, उधानू तीन, पोकू चार. शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला वाटावे, ही माणसे आपल्या नातेवाइकांची नावे घेत आहेत! महानुभावांनी तर आपले ग्रंथच सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून शतकानुशतके झाकून ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी त्या लिपीचा उलगडा केला, तेव्हा कुठे इतरांना ते वाचता येऊ लागले. कुणी भाव लपवला, कुणी धर्मग्रंथ लपवले. मग ज्यांच्यापाशी लपवण्याजोगे धन नाही आणि ग्रंथही नाही, अशा पोराटोरांनी काय करावे? त्यांनी च-ची भाषा केली.

ही भाषा कुणी काढली ते कोणालाच ठाऊक नाही. तिचा कोश नाही, व्याकरण नाही, परीक्षा नाही. तरी ती एका पोराकडून दुसऱ्या पोराकडे चालत आलेली आहे. नियम एकच. शब्दाच्या पहिल्या अक्षराच्या जागी च ठेवायचा, त्याची काना-मात्रा तशीच राखायची, आणि हकालपट्टी झालेले अक्षर शेवटी नेऊन बसवायचे. लाडू म्हणजे चाडूल, करंजी म्हणजे चरंजीक, सातारा म्हणजे चातारास. मला ही भाषा अक्काने शिकवली. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. महिनाभरात आम्ही दोघे अशा वेगाने बोलू लागलो की, आजी म्हणे, "मेल्यांनो, वाड्यात चिमण्या शिरल्यासारखं वाटतंय!"

या भाषेत एक मोठे व्यंग होते, आणि ते नेमके दिवाळीत उघडे पडे. ज्या शब्दाच्या आरंभीच च आहे, त्याला लपायला जागाच उरत नाही. चकलीचे होते चकलीच, चिवड्याचे चिवडाच, चिरोट्यांचे चिरोटेच. फराळाच्या डब्यांवरचा आमचा गुप्त खलबताचा कार्यक्रम रंगात यावा, आणि आजीने स्वयंपाकघरातून ओरडावे, "चकलीच का? लाडू नकोत वाटतं?" शेवटी अक्काने चकलीला 'गाडीचे चाक' असे नाव दिले, तेव्हा आमच्या भाषेच्या शब्दसंपत्तीत पहिली खरी भर पडली.

पुढे वाचनात आले की, ड्रॅगनवाल्या गोष्टींचा जो थोर लेखक, तो टोल्कीनही याच वाटेने गेला होता. त्याच्या मावसबहिणींनी जनावरांच्या आणि पक्ष्यांच्या नावांची एक भाषा केली होती. ती तो त्यांच्याकडून शिकला, मग त्यांतल्या एकीबरोबर त्याने आणखी एक नवी भाषा रचली. 1931 साली, प्राध्यापक झाल्यावर, त्याने या छंदावर व्याख्यान दिले आणि त्याला 'गुप्त दुर्गुण' असे नाव ठेवले! सातेक वर्षांचा असताना त्याने एक गोष्ट लिहिली, तीही ड्रॅगनचीच. त्यात त्याने 'हिरवा मोठा ड्रॅगन' असे लिहिले. आई म्हणाली, असे म्हणत नाहीत, 'मोठा हिरवा ड्रॅगन' असे म्हणावे. असे का, हे कोडे त्याला म्हातारपणीही पडलेले होते. म्हणजे ड्रॅगन, आई आणि भाषा यांची गाठ त्याच्या मनात लहानपणीच पडलेली. हे वाचले तेव्हा मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले. कारण आमच्याही च-च्या भाषेत फराळाच्या डब्यांखेरीज दुसरे काही बोलण्याची वेळ आली होती, आणि तीही आईपायीच.

1958 साल. मी आठ वर्षांचा, अक्का तेरा. आईला छातीचे दुखणे होते आणि तिला मिरजेला दवाखान्यात ठेवले होते. भाऊ, म्हणजे आमचे वडील, दर पंधरवड्याला मिरजेहून येत. आल्यावर तात्या, काका आणि ते ओटीवर बसून हलक्या आवाजात बोलत. आम्ही मुले जवळपास फिरकलो की त्यांची मराठी एकदम थांबे आणि इंग्रजी सुरू होई. तीसुद्धा तुटक, पाचसहा शब्दांची. मोठ्यांची ती ड्रॅगनची भाषाच होती. तिचा अर्थ कळत नसे, पण तिच्या धगीने अंग भाजे.

त्या वेळी इंग्रजी आठवीपासून असे. अक्का आठवीत होती. चार-दोन धडे झाले होते. ओटीवरच्या बोलण्यातला एक शब्द तिच्या कानात राहिला - होपलेस. तात्यांच्या कपाटातला जाडजूड कोश काढून, स्पेलिंगचा अंदाज करीत, बोट फिरवीत फिरवीत तिने तो शब्द गाठला. त्या रात्री माजघरात आम्ही सगळी पोरे ओळीने झोपलो होतो. शेजारी आत्या जागी होती. अक्का माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "चाईअ चरीब चोणारह चाहीन."

शब्दातले अक्षर जागच्या जागी बसवायला त्या रात्री मला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. नियम तोच, शब्द सोपे. पण एकेक शब्द उलगडून पुढे जायचे धैर्य होईना. 'आई बरी होणार नाही.' मी काही विचारले नाही. अक्काने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. आत्या कूस बदलून म्हणाली, "झोपा रे आता, पुरे झाली ती चचची." त्या चैत्रात आई गेली. मोठ्यांनी आम्हांला ते तिसऱ्या दिवशी सांगितले. माझे रडून कधीच झाले होते. घरच्यांना वाटले, पोर लहान आहे, त्याला कळत नाही.

अक्काचे लग्न होऊन ती सांगलीला गेली, गावभागात. माणसांनी भरलेले घर. त्या काळी सासुरवाशिणीचे पत्र म्हणजे पोस्टकार्ड, आणि पोस्टकार्ड म्हणजे चव्हाट्यावरचे बोलणे. पोस्टमनपासून सासऱ्यांपर्यंत सगळ्यांनी वाचून मग ते टपालात पडायचे. 'सर्व क्षेम, काळजी नसावी' यापलीकडे त्यात काही मावत नसे. पण अक्काच्या प्रत्येक कार्डाच्या तळाशी, सहीच्याही खाली, बारीक अक्षरांत एक ओळ असे. पहिल्याच कार्डावर होती: 'चाठवणअ चेतेय.' तिच्या सासऱ्यांनी ती ओळ पाहून विचारले म्हणे, हा कुठला मंत्र? ती म्हणाली, "भावाला सर्दी लवकर होते, त्यावरचा उतारा आहे."

मी उलट टपाली लिहीत असे. सांगलीचे आमच्या भाषेत काय होते, हे मला प्रथम पत्ता लिहिताना सुचले. सांगली - चांगलीस! कार्डाच्या तळाशी मी एवढा एकच शब्द लिही आणि पुढे प्रश्नचिन्ह करी. कधी तिकडून उत्तर येई, 'चांगलीस', तेव्हा समजायचे की, दिवस बरे चालले आहेत. कधी ती नुसतेच 'सांगली' असे साधे, सरळ लिही. त्या खेपेला मी काहीतरी निमित्त काढून सांगलीची गाडी धरी. ती दारात दिसली की दोघेही कार्डाचा विषय काढत नसू.

माझी ती सारी कार्डे तिने एका पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा गावभागात शिरली आणि तळमजल्यावरची पेटी पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर पेटीत कागदाचा लगदा तेवढा होता. तिची कार्डे मात्र साताऱ्याला माझ्यापाशी शाबूत आहेत. म्हणजे आता जगात या संवादाची एकच बाजू उरली आहे. उत्तरे आहेत, प्रश्न वाहून गेले.

तीन वर्षांपूर्वी अक्का आजारी पडली. मी सांगलीला जाऊन राहिलो होतो. तिची मुले, सुना सगळी जमली होती. जिवापाड करीत होती. डॉक्टर येऊन गेले की ती खोलीच्या दारापाशी उभी राहून हळू आवाजात बोलत, आणि अक्काचे डोळे उघडे दिसले की त्यांची मराठी थांबून इंग्रजी सुरू होई. साठ वर्षांत इंग्रजी कितीतरी सफाईदार झाली होती; आवाज मात्र तोच होता, ओटीवरचा. अक्काने मान वळवून माझ्याकडे पाहिले. ओठांच्या कोपऱ्यात तिचे ते जुने खोडकर हसू होते. म्हणाली, "चलाम चगळंस चमजतंस."

सून धावत आली. "काय म्हणाल्या आई? काही हवंय का?" तिला वाटले, बोलणे भरकटले. मी म्हटले, "काही नको आहे. बरं वाटतंय म्हणाली." अक्काने डोळे मिटून मान हलवली. मला सगळं समजतं! घरातल्या माणसांनी प्रेमाने उभारलेल्या त्या भिंतीला धक्का न लावता, तिने एका माणसाला खरे सांगितले होते. पुढच्या आठवड्यात ती गेली. पंचाहत्तरीला आलेल्या माणसाने भाषा विसरायला सुरुवात करावी, याचे लोकांना नवल वाटत नाही. पण मला विसर पडला नव्हता. बोलायला दुसरे कोणी नव्हते.

या उन्हाळ्यात तिचा तो नातू चार दिवस माझ्याकडे साताऱ्याला आला होता. खेळातला एक प्रसंग तो मोठ्या रंगाने सांगू लागला. सगळ्यांत बलाढ्य ड्रॅगनला आकाशातून खाली खेचायचे असते. पण त्याच्याच भाषेतला कुठलाही मंत्र त्याच्यावर पुरता चालत नाही. तेव्हा फार पूर्वी माणसांनी त्याच भाषेत स्वतःचा एक मंत्र रचला: 'जूर झा फ्रूल'.

"म्हणजे काय रे?" मी विचारले.

"मर्त्य, मर्यादित, तात्पुरतं," तो म्हणाला. "आजोबा, गंमत म्हणजे ड्रॅगनला हे शब्द समजतच नाहीत. तो कधी मरतच नाही ना! त्यामुळे ते कानावर पडले की तो गडबडतो आणि जमिनीवर येतो."

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. मरणाऱ्यांनी, न मरणाऱ्यांच्या भाषेत, आपल्या मरणाचा शब्द घालावा आणि तेच त्यांचे शस्त्र ठरावे! हे कुणीतरी खेळ विकण्यासाठी लिहिले असेल. पण लिहिणाऱ्याला काहीतरी ठाऊक होते. ती 34 अक्षरे काढणारे अॅडमोविच खेळ बाजारात आल्यावर तीनच महिन्यांनी, 2012 च्या फेब्रुवारीत वारले. त्यांचे ओरखडे अजून त्या दगडांवर आहेत, आणि जगभरची पोरे ते लावून वाचीत आहेत. मोठी माणसे आपल्यापुढे मरणाचा शब्द उच्चारत नाहीत. ती आपल्यावर माया करतात म्हणून. पण तो शब्द कुणीतरी, आपल्याला कळेल अशा भाषेत, हात धरून सांगावा लागतो. मला तो तेरा वर्षांच्या एका मुलीने सांगितला होता.

मग मी त्याला त्याच्या आजीच्या भाषेविषयी सांगितले. त्याला याचा पत्ताच नव्हता. पोस्टकार्डे बाहेर काढली. नियम ऐकताच दोन मिनिटांत त्याने पहिले कार्ड लावले आणि एकदम गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आजी असं लिहायची?" त्या दिवशी त्याने खेळ लावला नाही. सगळी कार्डे वाचली, वहीत ओळी उतरवून घेतल्या, आणि निघताना पायऱ्या उतरता उतरता वळून म्हणाला, "चेतोय, चाजोबाअ!" सातारच्या त्या जिन्यात हा सूर कितीतरी वर्षांनी घुमला. उत्तर देताना माझी जीभ थोडी अडखळली, पण दिले.

जाण्यापूर्वी ड्रॅगनचा एक शब्दसमूह मात्र मी त्याच्याकडून आवर्जून शिकून घेतला आहे. त्या खेळात एका उत्तुंग शिखरावर पार्थुर्नाक्स नावाचा वृद्ध ड्रॅगन राहतो. (नाव ऐकून मला आधी तो पांडवांच्या पक्षाचा वाटला.) पाहुणा आला की तो म्हणतो, "ड्रेम, योल, लोक." आणि रिवाज असा की, दोघे भेटले तर वडीलधाऱ्याने आधी बोलावे, एवढ्यापुरते ड्रॅगन अगदी आपल्याकडचे! या तीन शब्दांचे अर्थ आहेत शांती, अग्नी आणि आकाश.

आता मला सांगा, दाराशी पणती लावावी, वर आकाशकंदील चढवावा, आणि दोहोंच्या मध्ये उभे राहून क्षणभर मनाला निवांत वाटावे, याहून दिवाळी वेगळी ती काय असते? तेव्हा माझ्या वयाचा मान राखून मीच आधी बोलतो. वाचकहो, ड्रेम, योल, लोक! आणि घरात कुठे पोरे चिमण्यांसारखी चचच करीत बसलेली दिसली, तर त्यांना गप्प करू नका. फराळाच्या डब्यांकडे तेवढे लक्ष ठेवा म्हणजे झाले.